अळणी हात

गोटीरामच्या हाताला लोखंड सोसत नव्हतं. ऐकणाऱ्याला हसू येईल एवढीशी गोष्ट. पण त्या एवढ्याशा गोष्टीवर शिरवणे गावातलं एक अख्खं घर टांगलेलं होतं, आणि त्या घरात भात शिजवणाऱ्या गोजराला, त्याच्या बायकोला, त्या वर्षी कशाचंच हसू आलं नाही.

साल एकोणऐंशी. तुर्भ्याच्या अंगाला पंप बनवणारा एक कारखाना उभा राहत होता. त्याच्या कुंपणात वीस घरांच्या जमिनी गेल्या, त्यात गोजराच्या सासऱ्याची, वामनचीही. गोटीराम दहाव्या वर्षापासून ज्या मिठागरावर राबत होता ते आगर तर आधीच भरावाखाली गडप झालं होतं. कारखान्याने गावाला शब्द दिला: ज्या घराची जमीन, त्या घरातला एक माणूस कामावर, तोही घमेली उचलायला नाही तर फिटर म्हणून. त्यासाठी पत्र्याची एक शेड घातली, मास्तर नेमला आणि वर्षभर काम शिकवायचं ठरवलं. वर्षाअखेर परीक्षा. पास झाला तो कायम. नापास झाला तर त्या घराचा हक्क संपला. पुन्हा बसायचं नाही, दुसऱ्याला बसवायचं नाही. गावाने माना डोलावल्या आणि अंगठे उठवले. शब्द देणाऱ्याच्या अंगात कोट आणि घेणाऱ्याच्या पोटात भूक असली की कागद कोण वाचत बसतो?

मास्तर होते सिताराम जाधव, रत्नागिरीकडचे. वीस वर्षं मुंबईच्या वर्कशॉपात घालवून आलेले. तोंडाने तिखट, पण शिकवण्यात हातचं राखणारे नव्हेत. "लोखंड कुणाची जात विचारत नाही, फक्त माप विचारतं," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि ते वाक्य गोटीरामने घरी येऊन गोजराला जसंच्या तसं ऐकवलं होतं. वर्ष संपता संपता गोटीराम असा तयार झाला की त्याने कानस मारलेल्या पट्टीवर काटकोन पाहायचा गुण्या ठेवला तर मधून उजेडाची रेघ दिसायची नाही. बाकीच्या एकोणीस जणांत एवढा हात कोणाचाच नव्हता.

पण तो गंज! पावसाळ्यात सगळ्यांचेच तुकडे गंजत, म्हणून आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, बाकीच्यांचे तुकडे लख्ख पडून राहिले आणि गोटीरामच्या तुकड्यावर मात्र सकाळी पाच बोटं उमटलेली दिसू लागली. तांबडी, कोणीतरी रंगात बुडवून ठेवावीत तशी. मास्तरांनी आधी त्याला झापला, हयगय करतोस म्हणून. मग स्वतः समोर बसून त्याच्याकडून तुकडा पुसून घेतला, कपाटात ठेवला, चावी खिशात घातली. सकाळी उघडलं तर बोटं हजर.

"काही माणसांचा घामच असा असतो," मास्तर म्हणाले. "शंभरात एखादा. आमच्याकडे होता एक, त्याला रंगकामाला टाकला. पण इथं कुठलं रंगकाम? इथले भाग हातानं, कोरडेच बसवायचेत, तेलाचं बोट चालत नाही. परीक्षेलाही जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, पुसून, कोरडा, रात्रभर कपाटात राहणार आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचा माणूस तपासणार. डाग दिसला की फुली."

मग सुरू झाले उपाय. सोड्याने हात धुतले, राखेने घासले, चिंच चोळली, रॉकेलात बुडवले. हातमोजे घालून पाहिले, तर कानस कुठे चावते ते कळेना आणि पट्टी वाकडी झाली. तळव्यांची सालं निघाली, भाकरी मोडताना तोंडातून हाय निघायची, पण बोटं काही उमटायची थांबली नाहीत. गोजरा रात्री त्याच्या तळव्यांना खोबरेल लावायची आणि मनातल्या मनात त्या हातांना शिव्या घालायची. ज्या हातांनी एवढी वर्षं घर पोसलं त्यांनाच शिव्या घालायची वेळ आली म्हणून मग स्वतःचाच राग यायचा.

एप्रिल उजाडला. परीक्षेला पाच आठवडे उरले, आणि वामन बोलला.

वामन हा बोलणारा माणूस नव्हे. जन्मात त्याने एकच मोठं काम केलं होतं. खाडीलगतचं दोन एकर खाजण, जिथे भरतीचं पाणी शिरायचं आणि गवताची काडी उगवायची नाही, ते त्याने गोडं केलं होतं. बांध घालून भरती अडवली, तीन पावसाळे मातीतलं मीठ धुऊन काढलं, आणि चौथ्या वर्षी तिथे भात उभा केला. अख्खा गाव बघायला आला होता. कारखान्यात गेली ती हीच जमीन.

"घामान काय हाय? मीठ हाय," तो म्हणाला. "सतरा वरसा आगरान उभा ऱ्हायलास, मीठ तुज्या अंगान मुरलाय. खाजन गोडा कसा करतान? आदी बांध. खारा पानी आत येव द्याचा नाय. मंग गोडा पानी सोराचा, ते धुवून नेतं. मानूस काय येगला हाय?"

गोटीराम बापाकडे बघत राहिला. शेडमध्ये एवढे शिकलेले येत-जात होते, त्यातल्या एकालाही जमलं नाही ते म्हाताऱ्याने चार शब्दांत सांगितलं होतं. गोजरालाही ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. ज्या माणसाने मेलेली जमीन जिवंत केलेली डोळ्यांनी पाहिली, त्याचं म्हणणं न पटायला ती काय कोणी डॉक्टर होती?

दुसऱ्या दिवसापासून गोटीरामच्या तोंडाला बांध पडला. आता आगऱ्याच्या घरात मिठाशिवाय काय शिजवायचं, ते एकदा कोणीतरी शिजवून बघावं. सुकट खारी, बोंबील खारे, लोणचं तर मिठातच बुडालेलं, खाडीची चिंबोरी म्हणजे खारट पाण्याचीच लेक. गावच्या विहिरीचं पाणीसुद्धा जरा मचूळ लागतं म्हणून वामनने तेही बंद केलं. गोजरा दोन हंडे घेऊन टेकडीखालच्या झऱ्यावर जायची, अर्ध्या तासाची वाट, आणि ते गोडं पाणी गोटीरामने दिवसभर प्यायचं, तहान असो नसो. अळणी भात, अळणी भाजी, अळणी पेज. पहिले चार दिवस त्याने घास गिळताना डोळे मिटून घेतले. गोजराने स्वतःच्या ताटातलं मीठही काढलं. एकटा नवरा अळणी खातोय आणि आपण समोर बसून सुकट चघळतोय, हे तिला जमलं नाही.

संध्याकाळी येताना गोटीराम शेडमधून घासलेल्या पट्टीचा एक टाकाऊ तुकडा आणायचा. मुठीत घट्ट धरायचा, मग गोजरा तो खिडकीत ठेवायची. सकाळी उठल्याबरोबर चूल पेटवायच्या आधी ती तो तुकडा हातात घ्यायची. पहिल्या आठवड्यात पाच बोटं. दुसऱ्या आठवड्यात पाचच, पण फिकट. तिसऱ्यात तीन. एके दिवशी फक्त अंगठा, तोही पुसटसा. आणि पंचविसाव्या दिवशी तुकडा असा लख्ख निघाला की गोजराने तो उलटा केला, सुलटा केला, उन्हात नेला, पदराने पुसला, आणि मग तिला इतकं जोरात रडू आलं की वामन काठी टेकत बाहेर आला.

वामनने तुकडा पाहिला. त्याने तो कमरेला खोचला आणि गावात निघून गेला. दुपारपर्यंत शिरवण्यात एकही ओटा उरला नाही जिथे तो तुकडा दाखवला गेला नव्हता. जमीन गेल्यापासून पहिल्यांदा म्हातारा ताठ चालला.

पण खाजण धुतलं तर नुसतं मीठ जातं. माणूस धुतला की काय काय जातं, हे वामनला कुठून ठाऊक असणार?

आधी पोटऱ्यांना गोळे यायला लागले. मग डोकं ठणकायला लागलं. मे महिन्याचं ऊन, वर पत्रा, खाली भट्टी झालेली शेड. गोटीराम घामाने निथळायचा आणि वरून गोडं पाणी ओतायचा. ताटावर बसला की ओकारी यायची. परीक्षेला पाच दिवस उरले असताना तो संध्याकाळी घरी आला, उंबऱ्यावर अडखळला आणि खाली बसूनच राहिला. गोजरा धावली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आये, भरती आयली क? फळ्या टाकल्यास क?" त्याची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि भरतीचं पाणी अडवायच्या आगराच्या फळ्या भरावाखाली होत्या.

गोजराने त्याचे खांदे धरले. "अवो, मी गोजरा," ती म्हणाली. त्याला हळूहळू ओळख पटली, मग तोच लाजला. "ऊन लागला," म्हणाला. वामन म्हणाला, "शेवटचा मीठ सुटताना जमीनपन अशीच फुगते. पाच दिस काढ." बाप मुलाचा वैरी नव्हता. त्याला त्या पाच दिवसांपलीकडे काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोजरा डबा द्यायच्या निमित्ताने शेडवर गेली. गोटीराम तुकडा आवळून धरायच्या व्हाइसला ओठंगून उभा होता, चेहरा पेजेसारखा पांढरा. तिने जाधवमास्तरांना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं: बांध, गोडं पाणी, एक महिना अळणी.

मास्तर ऐकता ऐकता लाल झाले. "वेडे आहात काय तुम्ही सगळे? आमच्या ओतशाळेत भट्टीवरच्या माणसांना उन्हाळ्यात मिठाच्या गोळ्या द्यायचे, गोळ्या! एकानं खाल्ल्या नाहीत. दुपारी उभा होता तो आडवा झाला. आधी बरळला, मग फिट आली, मग संपला. माझ्यासमोर, वहिनी. आजच्या आज याला मीठ द्या."

"आन परीक्षा?"

मास्तरांनी शेडमधल्या कपाटाकडे पाहिलं.

"मीठ खाल्ला त हात परत गंजल?"

"ते मला सांगता येत नाही." त्यांनी रुमालाने मान पुसली. "तपासायला माणूस बाहेरून येतोय. तिथं माझा शब्द चालत नाही. मी खोटं कशाला बोलू? त्याच्यासारखा हात मी वीस वर्षांत पाहिला नाही. पण हात पाहिजे असेल तर आधी माणूस पाहिजे."

घरी येताना गोजराने वाटेत दोनदा थांबून श्वास घेतला. नवऱ्याला सांगावं, तर तो ऐकणार नाही. चार दिवसांसाठी तो मरेल पण बांध फोडणार नाही. सासऱ्याला सांगावं, तर त्याच्या ताठ झालेल्या पाठीवरच घाव. न सांगावं, तर उद्या तो त्या व्हाइसपाशी आडवा होईल. नोकरी गेली तर घर उपाशी, आणि नवरा गेला तर? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभी राहणारी ती एकटी. अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. गोजराला फक्त त्याचा पांढरा चेहरा आठवत होता.

त्या संध्याकाळी तिने मीठ पाट्यावर पिठासारखं वाटलं आणि चिमूटभर पेजेत ढवळलं. मग वाटी गोटीरामपुढे ठेवली. तो प्यायला. काही बोलला नाही. वाटी रिकामी करून त्याने पुढे केली, तिने पुन्हा भरली. ज्या माणसाला तीन घास जात नव्हते तो तीन वाट्या प्यायला आणि गाढ झोपला.

सकाळी खिडकीतल्या तुकड्यावर अंगठा उमटला होता.

गोजराने दाराकडे पाहिलं. दोघेही झोपेत होते. तिने चुलीतली राख घेतली आणि तो तुकडा घासला, घासला, तो लख्ख होईपर्यंत घासला. मग तो होता तिथे ठेवला आणि आवाज दिला, "बगा, साफ हाय." गोटीरामने पाहिला आणि मान हलवली. वामन म्हणाला, "बोललो व्हतो ना."

पुढचे तीनही दिवस तेच. संध्याकाळी मीठ, सकाळी राख. गोटीरामच्या पोटऱ्यांतले गोळे गेले, डोळ्यांत ओळख परत आली. तो बरा होतोय म्हणून तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि तुकड्यावर एकाची दोन, दोनाची तीन बोटं होत चालली म्हणून तोच जीव पुन्हा टांगणीला लागायचा. ती देवाला काय मागावं हेच विसरली. एवढंच म्हणायची, अजून दोनच दिवस, अजून एकच दिवस.

परीक्षेच्या दिवशी गोटीराम ताठ पायांनी गेला. पोलादाचा एक चौकोनी ठोकळा आणि त्यात खाच करून बरोबर बसणारा दुसरा तुकडा, असा जॉब होता, आठ तासांचा. तो साडेसहा तासांत संपवून उठला. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "मास्तरानी उजेडाला धरला," तो सांगत होता, "रेघ नाय, गोजरे, केसाएवढी पन रेघ नाय!" तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मान खाली घातली. असा तो किती महिन्यांत बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती डबा न घेताच गेली. शेडबाहेर गावातली माणसं जमली होती, वामन सगळ्यांच्या पुढे. आत लांब टेबलावर वीस जॉब मांडलेले होते आणि शहरातून आलेला एक चष्मेवाला माणूस एकेक तपासत पुढे सरकत होता. गोटीरामच्या जॉबपाशी तो बराच वेळ थांबला. माप घेतलं, पुन्हा घेतलं, शेजारी उभ्या जाधवमास्तरांना काहीतरी चांगलं म्हणाला असावा, कारण मास्तरांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याने ठोकळा उलटा केला. खालच्या अंगाला चार बोटं आणि बाजूला अंगठा. तांबडी.

मास्तर त्याच्याशी बोलत राहिले. हातवारे करत, मग हात जोडून. तिखट तोंडाच्या त्या माणसाने कोणापुढे हात जोडलेले गोजराने पहिल्यांदाच पाहिले. चष्मेवाल्याने नकाराची मान हलवली, कागदावर फुली मारली आणि पुढच्या जॉबकडे वळला. त्यानेही वाईट केलं असं नाही. त्याच्या हातात फक्त कागद होता.

संध्याकाळी तिघं घरात बसले होते. गोजराने भात केला होता, पण कोणी ताटाला हात लावला नव्हता.

"बांध कयतरी फुटला," वामन शेवटी म्हणाला. त्याचा आवाज तळ गेलेल्या हंड्यासारखा झाला होता. "चिंबोरी बीळ पारतं ना, बोटाएवढा. भायेरशी दिसत नाय. माजाच बांध कच्चा निंगाला."

म्हाताऱ्याने चूक स्वतःकडे घेतलेली गोजराला सोसेना. "मामा, बांध मी फोरला," ती म्हणाली. मग तिला थांबताच येईना. मास्तर काय बोलले, मीठ कसं वाटलं, पेजेत कसं ढवळलं, राखेने तुकडा कसा घासला, सगळं सांगितलं. "मना वाटला तुमी मराल. नोकरी ग्येली, ती मी घालवली. मना मारा, काय पन करा."

वामन तिच्याकडे बघत राहिला. गोटीराम मात्र ताटाकडे बघत होता.

"मना ठावं व्हता," तो म्हणाला.

"काय ठावं व्हता?"

"मीठ. पयल्याच घासाला कललेला. सतरा वरसा मीठ चाखून मी सांगायचो आगरातल्या कंच्या कुंडीचा हाय. म्हयनाभर अळनी खाल्लेल्या जिभेला चिमूट कलत नाय क?"

गोजराला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "मंग बोलला कशाला नाय?"

गोटीरामने सालं निघालेले तळवे मांडीवर उलटे ठेवले.

"बोललो असतो त तू घालाची थांबली असतीस."

मग तो रडला, बापासमोर, बायकोसमोर, लहान पोरासारखा. गोजराने पातेलं ओढलं आणि त्याच्या ताटात गरम भात वाढला, आणि तो रडत रडत जेवला. वामन उठून पडवीत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.